गरम टबाचा शिजन

मे महिन्यातल्या भर दुपारी लोकरीचा स्वेटर, मफलर आणि माकडटोपी घालून आरशासमोर उभा राहिलेला माणूस मी आयुष्यात एकदाच पाहिला. आम्ही कोल्हापुरात नव्या घरी राहायला आलो त्याचा तो दुसरा दिवस होता. नळाला पाणी कधी येतं ते विचारायला मी शेजारच्या दारात गेले, तर समोर हे गृहस्थ घामानं निथळत उभे. मला बघून ते जराही दचकले नाहीत. उलट दोन्ही हात पसरून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बगा वो पावणं, खांद्यात बसतोय न्हवं?"

"बसतोय," मी म्हटलं. "पण आत्ता?"

"आत्ताच की! थंडीत स्वेटर घेणारा माणूस म्हंजे..." पुढचा शब्द त्यांनी माझ्याकडे बघून गिळला. "शिजन बगून घ्यावं माणसानं."

हे बसाप्पाअण्णा. मूळचे नेसरीकडचे, पण सगळं आयुष्य कोल्हापुरात भांड्यांचं दुकान चालवण्यात गेलेलं. आता दुकान पुतण्या बघतो आणि अण्णा जगाचे शिजन बघतात. लग्नसराईत लोक रांगा लावून हंडे-पातेली महागात नेतात आणि पावसाळ्यात तीच पातेली दुकानात धूळ खात बसतात, हे त्यांनी चाळीस वर्षं गल्ल्यावर बसून पाहिलं होतं. त्यातून त्यांनी एकच गोष्ट उचलली. जेव्हा एखाद्या वस्तूकडे कुणी ढुंकून बघत नाही, तेव्हा ती घ्यायची.

म्हणून अण्णांची छत्री दिवाळीनंतर येते. गणपतीच्या मखराचं सामान विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. कूलर डिसेंबरात. आंबा ते मृग लागल्यावर खातात, आणि एखाद्यात अळी निघालीच तर तेवढा भाग कापून बाजूला ठेवत म्हणतात, "तिनं पण शिजन बगूनच घेतलाय." केस कापायला ते अमावास्येला जातात, कारण त्या दिवशी खुर्ची रिकामी असते आणि न्हावी वेळ जात नाही म्हणून डोक्याला तेल लावून देतो.

एकदा मी चेष्टेनं विचारलं, "अण्णा, लग्नपण असंच केलंत का?"

"मग वो! आषाढाच्या तोंडावरचा शेवटचा मुहूर्त. मंडपवाला मोकळा, वाजंत्री मोकळी."

"आणि नवरी?"

अण्णांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. आवाज एकदम खाली आला. "ती काय शिजनचा माल न्हवं, बाई."

आतून गौराक्कांचा आवाज आला, "काय सांगालासा त्यास्नी?"

"काय न्हाय. भाव सांगालोय!"

गौराक्का म्हणजे अण्णांची बायको. ठेंगणी, गोरी, बोलायला कमी आणि हसायला पुढे. त्यांना संधिवात होता. आम्ही आलो तेव्हा गुडघे तेवढे दुखायचे. वर्षभरात दुखणं हातांत उतरलं. बोटं आत वळायला लागली. गेल्याच्या गेल्या साली दिवाळी झाल्यावर डॉक्टरांनी अण्णांना सांगितलं की औषधं चालू ठेवा, पण यांना रोज गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसवून सांधे हलवले तर आराम पडेल.

अण्णांनी आधी दुकानातली दोन मोठी तांब्याची घंगाळं आणली. एकात गौराक्कांचे पाय, एकात हात. आठ दिवसांनी ते माझ्या दारात आले. "जमंना बाई. निम्मी बायको पाण्याच्या वरच ऱ्हायालीया." मग म्हणाले, "तुमी शाळंत भूगोल शिकीवता न्हवं?"

"हो."

"मग सांगा. गरम पाण्याच्या टबाचा शिजन कवा संपतो?"

वीस वर्षं मी मान्सून, खारे वारे, मतलई वारे शिकवतेय. हा प्रश्न मला कुठल्याही वर्गात कुणी विचारला नव्हता. त्या आठवड्यात पुतण्याच्या फोनवर अण्णांनी असले टब पाहिले होते. माणूस आरामात आत बसतो, पाणी गरमच्या गरम राहतं, आतून फवारे येऊन अंग चेपतात. अण्णा त्याला 'गरम टब' म्हणायचे.

मग त्यांचे फोन सुरू झाले. अण्णा परड्यात खुर्ची टाकून बसायचे, फोनचा आवाज मोठा करायचे आणि कोल्हापूर, सांगली, पुणे, बेळगाव, जिथं कुठं टब मिळतो तिथल्या दुकानदारांना विचारायचे, "नमस्कार! तुमच्याकडं गिऱ्हाईक कवा येत न्हाय?"

पलीकडचा माणूस गोंधळायचा. "काय म्हणालात?"

"म्हंजे माशा कवा मारतासा?"

काही जण फोन ठेवायचे. काही जण इमानदारीनं सांगायचे. उन्हाळ्यात गरम पाण्याचं नाव कोण काढणार, असं एकाचं म्हणणं. पावसाळ्यात बांधकामं थांबतात, तेव्हा या, असं दुसऱ्याचं. आपल्याच इथला एक शोरूमवाला मात्र जाणता निघाला. तो म्हणाला, "अण्णा, होळी झाली की या. थंडी गेलेली असते, आणि आम्हालाही मार्च एंडच्या आत माल हलवायचा असतो. वर्षात याहून चांगला टाइम नाही." अण्णांनी ते वाक्य त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, आणि दुसऱ्या वेळी फोन आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे धरला.

होळी झाली, मार्च संपला. टब आला नाही. "अक्षय तृतीयेला आणखी उतरंल," अण्णा म्हणाले. अक्षय तृतीया गेली. मग पावसात उतरेल. मग पाऊस गेला आणि दसऱ्याच्या ऑफरची वाट बघणं सुरू झालं. गल्लीला विषयच मिळाला होता. कोपऱ्यावरचा दूधवालासुद्धा विचारायचा, "अण्णा, टब आला का शिजन आला?" अण्णा हसून हात हलवायचे आणि पुढे व्हायचे.

मला मात्र हसू येईना. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या परड्याकडे उघडते. गौराक्का सकाळी तुळशीपाशी येताना भिंत धरधरून येत होत्या ते मी रोज बघत होते. दिवाळीच्या सुमाराला एकदा अण्णा फाटकात भेटले आणि मी बोलून गेले, "अण्णा, बाईमाणूस दुखण्यानं कळवळतंय आणि तुम्ही शिजन कसले बघत बसलाय? चार पैसे जास्त गेले तर काय बिघडतंय?"

अण्णांनी फाटकाची कडी लावली. एरवी एकाला दोन ऐकवणारा माणूस. नुसतं "व्हय" म्हणाले आणि आत गेले.

डिसेंबरात एका दुपारी मधल्या सुट्टीत शिपायानं येऊन सांगितलं, "बाई, गेटवर कोणतरी म्हातारं थांबलंय." बघते तर अण्णा. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात काही नाही. पोरींच्या गलक्यात ते असे उभे होते, जसं काही त्यांनाच शाळेत घालायला कुणीतरी आणलंय.

"काय झालं अण्णा? अक्का बऱ्या आहेत ना?"

"बाई, एक खोटं बोलायचं हाय. मला जमंना. तुमी बोला."

मी त्यांना बाकावर बसवलं. तेव्हा कळलं ते असं. टब घ्यायला अण्णा एकदा सोडून तीनदा शोरूममध्ये जाऊन आले होते. मार्चमध्ये तर पसंत करून, परड्यात जागा मापून, सगळं ठरवून आले होते. गौराक्कांनीच मोडता घातला. आता नको, अक्षय तृतीयेला उतरेल. आता नको, पावसात उतरेल.

"चाळीस वर्सं मीच तिला शिकीवलं, बाई. शिजन बगून घ्यावं, शिजन बगून घ्यावं. आता माजंच मला ऐकीवतीया. स्वतःसाठी काय घ्यायचं म्हटलं की तिचा शिजन येतच न्हाय. म्हणून तर त्या दुकानदारांकडनं वदवून घेत हुतो. तिच्या कानावर पडावं म्हणून."

मला त्यांच्याकडे बघवेना. फाटकातलं माझं ते बोलणं आठवलं.

"मग आजच काय झालं?"

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. अण्णा लिंगायत; त्यांच्यात आयुष्यभर गळ्यात जपायचं इष्टलिंग रोज डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. गौराक्का लहानपणापासून रोज करत आल्या होत्या. अलीकडे त्यांचा तळहात नीट उघडत नव्हता, म्हणून अण्णा आपला हात त्यांच्या हाताखाली धरून बसायचे. त्या दिवशी पहाटे थंडीनं बोटं आखडली. अण्णा भस्म घ्यायला वळले तेवढ्यात लिंग हातातून निसटलं.

"फरशीवर पडलं. तवापास्नं बोलली न्हाय का जेवली न्हाय. रडली असती तरी चाललं असतं, बाई." अण्णांनी नाक पुसलं. "मला टब आज पायजे. आणि आज तर ऐन शिजन. सगळ्यात म्हाग. ती हो म्हणायची न्हाय. तुमी भूगोलवाल्या. तुमचं ऐकंल."

संध्याकाळी मी शाळेतला भारताचा हवामानाचा नकाशा गुंडाळून घेऊन त्यांच्याकडे गेले. गौराक्का पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी नकाशा त्यांच्यासमोर पसरला आणि गेल्या वीस वर्षांत बोलले नाही एवढं चुकीचं शास्त्र पाच मिनिटांत बोलले. यंदा उत्तरेत थंडी लवकर पडली, तिकडचे टब आधीच खपले, म्हणून कंपन्यांनी उरलेला सगळा माल दक्षिणेकडे ढकललाय, आणि कोल्हापुरात हे चारच दिवस टब स्वस्त आहे.

अण्णा वर छताकडे बघत होते. जणू पंख्याला आज पहिल्यांदाच पाती फुटली होती.

"म्हंजे आत्ता स्वस्त?" गौराक्कांनी विचारलं.

"वर्षात सगळ्यात."

"नकाशात तसं दावलंय?"

"हो, हे काय." मी बोट टेकवलं.

गौराक्का बराच वेळ माझ्या बोटाकडे बघत होत्या. मग अण्णांच्या सदऱ्याकडे, मग परत बोटाकडे. "आणा मग," त्या म्हणाल्या. "आणि वाईच आमटी गरम करा. भूक लागलीया."

दुसऱ्या दिवशी शोरूमच्या मालकाचा मला फोन आला. अण्णांनी त्याला माझा नंबर दिला होता. पत्ता विचारायचा होता, पण खरी काळजी वेगळीच होती. "बाई, अण्णांची तब्येत बरी आहे ना? आले, बोट दाखवलं आणि द्या म्हणाले. मीच आपण होऊन कमी केले तर म्हणाले, घासाघीस करू नका, टेम्पो लावा."

टेम्पो आला तेव्हा सगळी गल्ली जमली. टब फाटकातून जाईना. अण्णांनी फाटक काढायला लावलं. तरी जाईना, तेव्हा कुंपणाच्या चार विटा त्यांनी स्वतः पहारीनं पाडल्या. दूधवाला म्हणाला, "अण्णा, गवंड्याचा शिजन बगितला का?" आणि अण्णा पहार त्याच्या हातात देऊन म्हणाले, "तू हायस की. हाण." दूधवाल्यानं खरंच दोन विटा पाडल्या.

परड्यात पत्र्याची शेड झाली, टबात उतरायला पायऱ्या झाल्या, धरायला दांडी झाली. रविवारी सकाळी पाणी तापलं. आणि गौराक्का पायरीपाशी येऊन थांबल्या. मला त्यांनी हाताशी बोलावून घेतलं होतं. आयुष्यात घोट्याच्या वर पाण्यात त्या कधी उतरल्या नव्हत्या. विहिरीला भ्यायच्या, पंचगंगेला लांबूनच हात जोडायच्या. पाण्यातून वाफ येत होती आणि त्या दांडी सोडायला तयार नव्हत्या. "नगं वो मला. बुडीन मी."

अण्णा काही बोलले नाहीत. सदरा, पायजमा आणि डोक्यावर टोपी अशा पूर्ण पोशाखात ते पायऱ्या चढले आणि सरळ पाण्यात जाऊन बसले. पाणी त्यांच्या छातीपर्यंत आलं. सदरा फुगून वर आला, तो त्यांनी थापटून खाली बसवला.

"बग. बुडलो का?"

गौराक्का हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी पाय पुढे टाकला. मी एका बाजूनं धरलं, अण्णांनी दुसऱ्या बाजूनं, आणि लुगड्यासकट त्या हळूहळू गळ्यापर्यंत आत गेल्या. "अय्य!" एवढंच म्हणाल्या आणि डोळे मिटले. किती दिवसांनी त्यांच्या कपाळावरची आठी सुटलेली मी बघत होते.

अण्णा टॉवेल आणायला ओल्या कपड्यांनी घरात गेले, तेव्हा डोळे न उघडताच त्या मला म्हणाल्या, "बाई, तुमचं बोट अरबी समुद्रात हुतं."

मी ओल्या पायरीवरच बसले.

"सातवी झालीया माजी. नकाशा कळतो." त्या पुटपुटल्या. "इस्त्रीचा सदरा घालून भर दुपारी गेलते. कुणाच्या दारात कवा काय मागाय न्हाय गेला हा माणूस. ते तुमच्याकडं खोटं मागाय आलं, म्हटल्यावर मी आनि काय आडवं लावू?"

"त्यांना सांगितलंत का?"

"कशाला? खूश हायत की. स्वस्तात पडला म्हणून गल्लीभर सांगत सुटल्यात."

गौराक्कांची बोटं अजून पूर्वीसारखी झालेली नाहीत आणि कदाचित होणारही नाहीत. थोडी सैल पडलीत, एवढं खरं. अण्णांनी पूजेला त्यांच्या हाताखालचा हात काढलेला नाही. गरज कमी झाली तरी.

रोज सकाळी सात वाजता दोघं टबात असतात. अण्णांचा पोशाख तोच, टोपीसकट. आता गल्लीत कुणी हसत नाही, किंवा हसले तरी अण्णांना ऐकू येत नाही, कारण आतल्या फवाऱ्यांचा आवाज मोठा असतो. परवा मी दुधाचं भांडं द्यायला गेले तर दोघांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. अण्णांनी गौराक्कांचा डावा हात पाण्याखाली धरला होता आणि एकेक बोट ते सरळ करत होते. करंगळी धरायची, हळूहळू उघडायची, तशीच धरून ठेवायची, मग पुढचं बोट.

"दुखतंय का?"

"न्हाय. पण उशीर व्हाया लागला. तुमी निगा आता, दुकानात जायाचं म्हणत हुतासा."

"जाईन की," अण्णा म्हणाले आणि त्यांनी मधलं बोट हातात घेतलं.