समासातल्या सासूबाई

त्या सोमवारी मी एवढंच ठरवलं होतं की पुस्तक वाचायचं नाही. परीक्षण लिहायचं, पण पुस्तक वाचायचं नाही. प्रस्तावना, समारोप आणि मलपृष्ठ एवढ्या भांडवलावर मी बारा वर्षं दक्षिण कोरियातल्या गुन्सान शहरातल्या एका दैनिकात जाडजूड ग्रंथांची परीक्षणं लिहीत आलो आहे. ('साक्षेपी' हे विशेषण दोनदा वापरलं की बाकीचं निभावून जातं.)

या वेळी मात्र प्रकरण गळ्याशी आलं होतं. पुरवणीचे संपादक बांगसाहेब यांनी बोलावून सांगितलं की तीन महिन्यांत माझ्या सदराला वाचकाचं एकही पत्र आलेलं नाही, आणि पुढच्या परीक्षणालाही आलं नाही तर ती जागा मासेमारीच्या सदराला जाईल. सदर गेलं की मी नुसता वाचनालयातला प्यो ग्वांग-इल उरणार होतो, आणि तो माणूस मला स्वतःलाच फारसा आवडत नाही.

पुस्तक होतं पश्चिम किनाऱ्यावरच्या मिठागरांचा सामाजिक इतिहास. पानं सातशे ऐंशी, लेखिका प्राध्यापक नामगुंग ह्ये-रान. आधी ते एका वयोवृद्ध प्राध्यापकांकडे गेलं होतं, ते आजारी पडले म्हणून माझ्याकडे आलं आणि महिनाभर आमच्या जेवणघरात पडून राहिलं. हिवाळ्यापुरत्या राहायला आलेल्या सासूबाई त्याच्यावरची धूळ तेवढी झटकत, असा माझा समज होता.

सोमवारी उघडून बघतो तर समासात जागोजाग पेन्सिलीचे शेरे. अक्षर मोठं, थरथरतं. म्हाताऱ्या प्राध्यापकांचंच, दुसऱ्या कुणाचं असणार? एका पानावर होतं, 'आभाळ भरून आलं की मिठागरात काय धावपळ होते, ती या बाईंनी पाहिलेली नाही.' दोनशे बाराव्या पानावर तर, 'बायका मिठागरात कामाला नसत म्हणे. मग खांद्याला घट्टा काय पुस्तकं वाहून पडतो?' मी मनोमन प्राध्यापकांना लवून नमस्कार केला आणि सगळे शेरे जसेच्या तसे उचलले. (अधूनमधून 'साक्षेपी' घातलं. ते मात्र माझं स्वतःचं.)

शनिवारी परीक्षण छापून आलं आणि आठवड्यात तेवीस पत्रं आली. बांगसाहेबांनी मासेमारी पुढं ढकलली. मी नवा मफलर घेतला आणि घरातल्या घरात तो घालून हिंडू लागलो. तेवढ्यात नामगुंगबाईंचा फोन आला, की रविवारी भेटायला येते. भांडायलाच येणार, हे मी धरून चाललो.

बाई आल्या त्या नाशपातींची पेटी घेऊन. भांडणाचं नावसुद्धा नाही, त्यामुळे मी जास्तच घाबरलो. जेवणाच्या टेबलावर माझी बायको मि-ओक हिनं रटरटत्या कालवणाचं भांडं आणून नेहमीच्या जागी, म्हणजे माझ्या पुस्तकावर, ठेवलं. मी एकच ग्रंथ लिहिला आहे, राजेशाहीच्या काळातल्या टपालघोड्यांच्या ठाण्यांवर. ज्या पुस्तकाचं दुसरं काही होत नाही ते आमच्याकडे भांड्याखाली जातं. माझं बारा वर्षांपूर्वी, छापून आलं त्याच आठवड्यात गेलं.

नामगुंगबाईंनी सरळ मुद्द्याला हात घातला. "घट्ट्याचं तुम्हाला कुठून कळलं? मी सहा वर्षं नोंदवह्या चाळल्या. एकीतही बाईचं नाव नाही."

मी मौखिक साधनांविषयी काहीतरी पुटपुटलो. कोणती साधनं, असं त्यांनी विचारलं. मी मुळ्याची मोठी फोड तोंडात टाकली आणि सावकाश चावू लागलो.

"हजेरी नवऱ्याच्या नावावर लागायची, पोरी," टेबलाच्या टोकाकडून सासूबाई म्हणाल्या. "कावड आम्ही उचलायचो."

मग माझ्याकडे वळून, अगदी ओशाळून म्हणाल्या, "जावईबापू, रागावू नका. पेन्सिलीनंच लिहिलंय. खोडता येईल."

सासूबाईंचं वय एकोणऐंशी. वर्षभरापासून आज्यांच्या साक्षरता वर्गाला जातात. घरात सापडेल ते रोज वाचा आणि पानाच्या कडेला आपल्या मनातलं एक वाक्य लिहा, असा तिथल्या बाईंनी गृहपाठ दिला होता. आमच्या घरात सापडण्यासारखं दुसरं होतं काय?

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. नामगुंगबाई मात्र उठल्या, विचारून सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही. त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, पण माझ्या बाबतीत त्यात भीतीचा वाटा मोठा होता.

"म्हणजे अहो," मि-ओक शांतपणे म्हणाली, "ती तेवीस पत्रं आईला आलीत."

दुसऱ्या दिवशी बांगसाहेबांपुढे सगळं कबूल केलं. सदर गेलंच, असं धरून मी मफलरही घरी ठेवून गेलो होतो. ते इतके हसले की शिपाई आत डोकावला. सदर राहिलं, फक्त वर नाव आलं सासूबाईंचं: तक बोक-सुन. सासूबाईंनी आपलं छापलेलं नाव बोट ठेवून तीनदा वाचलं आणि कात्री मागितली. खरं सांगतो, त्या तेवीस पत्रांनी झाला नव्हता इतका आनंद मला ते बोट बघून झाला. आता दर रविवारी नामगुंगबाई वही घेऊन येतात, आणि दुसऱ्या आवृत्तीत दोनशे बारावं पान नव्यानं लिहिणार आहेत.

पहिलं पुस्तक सासूबाईंनी स्वतःच निवडलं. भांडं उचलून. शनिवारी छापून आलं ते असं: 'पुस्तक भक्कम आहे. घोडे पुष्कळ आहेत. अधिकारी त्याहून पुष्कळ आहेत. घोड्यांना चारा कोण घालायचं, ते जावईबापूंनी लिहिलेलं नाही.'

एकतीस पत्रं आली, सगळी चारा कोण घालायचं हे विचारणारी. मला ठाऊक नाही. म्हणून बारा वर्षांनी मी माझंच पुस्तक उघडलं आहे, आणि या वेळी मधली पानंसुद्धा वाचतो आहे.

तोवर भांड्याखाली ठेवायला मि-ओकनं बाजारातून एक लाकडी पाट आणला. पण त्यावर भांडं डगमगतं. तुमच्या पुस्तकाची सर त्याला नाही, असं काल ती म्हणाली. बारा वर्षांत माझ्या ग्रंथाला मिळालेला हा पहिलाच अनुकूल अभिप्राय.