तव्यावर प्लग भाजणारे तात्या

एकाच आठवड्यात आमचे दोन्ही बैल रोगानं गेले आणि त्या साली आमच्या रानात पेरणीच झाली नाही. वर्षभर रेशनची किडकी ज्वारी खाल्ली. आई आणि काकू दुसऱ्यांच्या मळ्यात खुरपायला जायच्या, आणि त्या परत येईपर्यंत वडील कुणाशी बोलायचे नाहीत.

अशा दिवसांत माझे धाकटे चुलते, तात्या, लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावातून एक ट्रॅक्टर घेऊन आमच्या गावी, चाकणला आले. आले म्हणजे मागून मागून चालत आले. ट्रॅक्टर पुढे होता आणि त्याला गावातल्या दोन बैलजोड्या जुंपलेल्या होत्या.

ट्रॅक्टर गोऱ्या साहेबाच्या वेळचा, लोखंडी चाकांचा. पेट्रोलवर सुरू करायचा आणि तापला की रॉकेलवर चालवायचा. चालू झाला की हत्ती. पण चालू होणं त्याच्या मर्जीवर. तात्या त्याला 'बाई' म्हणत. सकाळी काकूंची शेवटची भाकरी उतरली की त्याच तव्यावर बाईच्या इंजिनाचे चार प्लग पडायचे. तात्या ते उलथन्यानं परतत बसायचे. "येक जरी कच्चा राह्यला, तरी रुसती," म्हणायचे. भाकरीला तेलाचा वास येतो अशी काकूंची तक्रार होती. तात्यांचं म्हणणं, बाईला भाकरीचा वास येतो, तिनं कधी तक्रार केली का?

मग गरम प्लग धोतराच्या सोग्यात धरून पळत जायचं, बसवायचे आणि पुढचं हँडल मारायचं. शंभर-दीडशे वेळा. मध्येच थांबून कानोसा घ्यायचा. कुणी विचारलं, काय झालं, तर ठरलेलं उत्तर, "तिचं तिला कळतंय." शेवटी कुणाचे तरी बैल आणून तिला ओढत न्यायची, मग ती फुरफुरायची. पारावर लोक म्हणत, बैल मेले म्हणून ट्रॅक्टर आणला, आता ट्रॅक्टरला बैल लागतात. तात्याही त्यांच्यात बसून हसायचे.

पेट्रोलच्या बाबतीत मात्र ते भलते काटकसरी. देवापुढं तुपाची वात लावावी, तसं सुरू करण्यापुरतं पेट्रोल. काम संपलं की रॉकेलवर चालता चालताच बंद. "उभ्या गाडीत म्हाग त्याल कशाला जाळायचं?"

मी तेव्हा पुण्याला कॉलेजात होतो. आमच्या घराण्यात अंगठा सोडून सही करणारा मी पहिला, आणि हे मी कुणाला विसरू देत नव्हतो. सुट्टीत घरी आलो की तात्या ओट्याशी येऊन विचारायचे, "दादा, किती दिवस हाय मुक्काम?" मला वाटायचं, हँडल मारायला माणूस हवाय. मी म्हणायचो, अभ्यास आहे, आणि दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.नं परत जायचो. चार वर्षं हेच चाललं.

बी.ए.ची परीक्षा देऊन आलो, तेव्हा वडिलांनी निर्णय घेतला होता. अक्षयतृतीयेच्या आत नांगरट झाली नाही, तर बाई पिंपरीच्या भंगारवाल्याला द्यायची आणि रान दुसऱ्याला वाट्यानं लावायचं. म्हणजे आई आणि काकू पुन्हा दुसऱ्याच्या बांधावर. हातात तीन आठवडे होते. बाई आठ दिवस बोलली नव्हती. तात्या डाव्या हातानं हँडल मारत होते. उजव्या हाताचा अंगठा वाकडा होऊन तळव्याकडे वळला होता. मी विचारलं, तर म्हणाले, तिनं लाडानं मारलं.

त्या दिवशी त्यांनी मुक्काम विचारला, तेव्हा मी म्हणालो, आता इथंच आहे. ते आत गेले आणि देव्हाऱ्यामागून तांबड्या फडक्यातलं एक पुस्तक घेऊन आले. ट्रॅक्टरच्या पेटीत सापडलेलं इंग्रजी पुस्तक. चार वर्षांत त्याच्या पानाला तेलाचं बोट लागलेलं नव्हतं.

मी म्हणालो, तात्या, हे गावातल्या मास्तरांना का नाही दाखवलं?

उत्तर काकूंनी दिलं. "मास्तर सोताहून वाचतो म्हनले हुते. ह्ये म्हनले, आपल्या घरचा मानूस शिकतोय, लोकांच्या दारात कशाला जायाचं? त्यो यील, त्यो वाचील."

मी ओट्यावर बसून वाचायला लागलो. वाचायचो आणि मराठीत सांगायचो. हँडल उलटा झटका देतं, म्हणून धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. दांड्याला विळखा घालू नये. मी थांबलो. तात्यांनी उजवा हात वर करून बघितला.

"ह्ये कितव्या पानावर हाय?"

"शेवटच्या," मी म्हणालो.

तात्यांना वाचता येत नव्हतं, पण पुस्तक सुरुवातीलाच उघडलंय ते दिसत होतं. ते म्हणाले, "बरं. म्होरं वाच."

पुढं लिहिलं होतं की बंद करण्याआधी थोडा वेळ पेट्रोलवर चालवावा. नाहीतर रॉकेल आतच साचून राहतं, आणि गार इंजिनात ते पेटत नाही. एवढंच. चार वर्षांच्या रुसव्याचं कारण दोन ओळींचं होतं. तात्या म्हणाले, "म्हंजे बाईचा दोष न्हवता. मीच तिला उपाशी झोपवत हुतो."

वाचून दाखवायला मला अर्धा तास लागला होता. ह्या अर्ध्या तासाचा हिशेब मी आजवर कुणाला दिलेला नाही.

आतलं साचलेलं रॉकेल आम्ही काढून टाकलं. त्या दिवसापासून संध्याकाळी पेट्रोलवर बंद, सकाळी तिसऱ्या हँडलला चालू. हँडल मी मारायचो. तात्यांच्या उजव्या हाताला पुन्हा पकड आली नाही. अक्षयतृतीयेच्या चार दिवस आधी आमचं सगळं रान नांगरून झालं. त्या साली आई आणि काकू आमच्याच रानात खुरपायला गेल्या.