तागजन्य आर्द्र आच्छादन

नवा रायपूरच्या ऊष्मा संशोधन संचालनालयातून अनुश्रीचा अहवाल परत आला. त्यात एक गंभीर दोष आढळला होता : तो पहिल्याच वाचनात समजत होता.

तात्यापारा मोहल्ल्यातल्या या पोरीनं दोन उन्हाळे बीरगांवच्या चाळीस खोल्यांत तापमापक टांगले होते. निष्कर्ष एका ओळीत मावला : टिनाच्या छपरावर ओलं पोतं अंथरा, खोली सहा अंशांनी गार होते, तान्हं लेकरू दुपारी झोपतं. नवतपा, म्हणजे जेठातले ते नऊ भाजणारे दिवस, महिन्यावर आला होता. त्याआधी हा कागद दारोदार लागावा, एवढंच तिचं मागणं होतं.

संचालक यशवंतरावांनी चष्मा पुसला. "अनुश्री, हे माझ्या ड्रायव्हरनं वाचलं."

"बरं झालं की, सर."

"काय बरं झालं? त्याले समजलं! घरी जाऊन पोतंही टाकलं त्यानं. मग आपण इथं काय करून राहिलो?" त्यांनी पहिल्या पानावर बोट ठेवलं. "आणि हे गाणं?"

*पोतं भिजलं छपरी, ऊन रुसलं बाहेरी,*
*नातू निजे माझ्या घरी, जशी सावली विहिरी.*

"चाळिसाव्या खोलीतल्या मीराबाईंची ओवी आहे, सर. निष्कर्ष त्यांचाच. मी फक्त मोजून पाहिला."

"बाईनं सांगितली ती नोंद. निष्कर्ष आपण काढायचा, आणि काढल्यावर तो बाईले कळता कामा नये."

अहवाल सुबोधता निवारण समितीकडे गेला. समितीनं ओवी गाळली. 'पोतं' हा शब्द बाजारू ठरला. 'ओलं' म्हटल्यावर पाणी आलं, म्हणून पाणीपुरवठ्याची ना-हरकत मागवली. 'लेकरू' महिला व बालविकासाच्या अखत्यारीत गेलं. कसोटी मात्र शास्त्रशुद्ध होती. प्रत्येक मसुदा शिपाई हिरालालला वाचून दाखवायचा. त्याला कळला तर नापास.

हिरालाल मनाचा मोठा माणूस. अकरा वेळा त्यानं मान हलवली. "हव साहेब, समझ गेंव. गीला बोरा डालना हे." बाराव्या मसुद्याला तो स्टुलावर बसल्या बसल्या घोरू लागला. समितीनं एकमतानं मंजुरी दिली. मजकूर असा होता :

"चाळीस आवासीय एककांतील द्विवार्षिक निरीक्षणांच्या आधारे असे प्रतिपादित करण्यात येते की, धातुपत्राच्छादित निवासांवरील तागजन्य आर्द्र आच्छादनाचे अपसारण आतपकालात सर्वथा अननुमत असून तदनुषंगिक अभिसिंचनाचे सातत्य शिशुहितार्थ अनिवार्य समजण्यात यावे."

वातानुकूलित सभागृहात यशवंतरावांना शाल मिळाली. ब्राह्मणपाऱ्यातल्या त्यांच्या व्याह्यांनी फोन करून सांगितलं, "काही कळलं नाही, पण काय अभ्यास आहे हो!" नवतपाच्या आदल्या दिवशी कागद बीरगांवच्या दारोदार चिकटले.

तिसऱ्या दिवशी अनुश्री तिथं पोचली, तर सगळी छपरं उघडी. टिन असं तळपत होतं, की वर पाहवेना. पोती घड्या घालून दारापाशी ठेवलेली. आत मीराबाई सुपानं वारा घालत होती. तिचा दीड वर्षाचा नातू यशदीप रडून रडून आता रडेनासाही झाला होता.

"मीराबाई, पोती काहून काढली?"

"कागद लागला ना, बाई, सरकारचा."

"पण त्यात..."

"इतकं कठीण लिहिलं, म्हणजे मनाईच असंल. भल्याचं सांगाले कोणी असं लिहिते काय? समोरच्या गौतमनं वाचलं, बीएस्सी झाला पोट्टा. त्याले दोनच शब्द समजले, 'आच्छादन' अन् 'अननुमत'. मग साऱ्या पाऱ्यानं, आख्ख्या मोहल्ल्यानं काढली."

अनुश्रीनं पोतं बादलीत बुडवलं आणि शिडी टेकवून ती चढू लागली. टिनाचा चटका बसला तशी तिनं पदर हाताला गुंडाळला. खाली बाया गोळा झाल्या. एकीनं तिचा पाय धरला. "दीदी, चढू नका वर! आमच्यावर केस होईल. कागद लागला आहे!"

"त्या कागदात पोती काढू नका, असंच लिहिलंय!" अनुश्री ओरडली.

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. इतकी सोपी गोष्ट सरकारी कागदात असेल, यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. पाय कुणी सोडला नाही.

तुम्ही तर तो कागद आत्ताच वाचलात, थोडा वर, अवतरणात. खरं सांगा, तेव्हा कळलं होतं? की व्याह्यांसारखं 'काय अभ्यास आहे!' म्हणून तुम्हीही खालच्या ओळीवर उतरलात?