कांदा चिरणाऱ्या निष्ठावंतांची गोष्ट

एका जंगलात एक ओढा होता. ओढा असला की अलीकडचे आणि पलीकडचे आलेच, आणि ते आले की भांडणही आलं. हे तुम्हाला शाळेत कुणी शिकवणार नाही, म्हणून मी सांगतो.

ओढ्याच्या एका काठाला वेळूवन होतं, दुसऱ्या काठाला करंजबन. दोन्हीकडे तेच प्राणी, तीच माती, तेच डास. तरीही वेळूवनातला उंदीरसुद्धा करंजबनातल्या उंदराला 'पलीकडचा' म्हणायचा आणि नाक मुरडायचा. करंजबनातला उंदीर काय करायचा, ते तुम्ही ओळखलंच असेल.

चैत्रात ओढा आटला की वाळूत रेघ मारून दोन्ही वनांचा हुतूतूचा सामना व्हायचा. एका दमात 'हुतूतू हुतूतू' म्हणत समोरच्यांच्या अंगणात शिरायचं, कुणाला तरी शिवायचं आणि परत यायचं. दम तुटला, किंवा मध्येच दुसरा शब्द तोंडातून निघाला, की बाद. पंच म्हणून एका पायावर बगळा उभा असायचा. जंगलातले प्राणी कधी हुतूतू खेळतात का, असं विचारायची ज्याला घाई झाली असेल, त्यानं उठून पाणी पिऊन यावं. तोवर आम्ही पुढे जातो.

हा सामना वेळूवन दर वर्षी हरायचं. कारण अगदी साधं होतं. त्यांचा पहिला गडी होता तरस. चांगला धिप्पाड, पण दोनदा 'हुतूतू' म्हटलं की त्याला हसू यायचं. तरसाचं हसू एकदा सुटलं की आवरतं कुठलं? तो वाळूत लोळायचा आणि बाद व्हायचा. हे सगळ्या वनाला ठाऊक होतं. पण बोलणार कोण? तरस हा क्रीडा मंडळाचे अध्यक्ष तात्या कोल्हे यांचा साडू होता. कोल्ह्याचा साडू तरस कसा, ते मला विचारू नका. मंडळात नाती अशीच लागतात.

आता आपली हौसा. हौसा सायाळ. जन्म वेळूवनातला, सासर करंजबनातलं. त्या जंगलात रीतच होती तशी. एका वनातले सगळे भाऊबंद मानायचे, म्हणून लेक द्यायची ती ओढ्यापलीकडे आणि सून आणायची तीही पलीकडूनच. हौसाचा नवरा गेनू साळिंदर करंजबनाच्या संघाचा कप्तान होता. स्वभावानं भला होता. घरी आला की आधी विचारायचा, 'हौसे, जेवलीस का?' मग स्वतः जेवायचा.

पण हौसाचं मन होतं वेळूवनाच्या संघात. लहानपणी ती आई सगुणाच्या शेजारी बसून सामना बघायची. काटे हलवून खुळखुळ कशी वाजवायची, ते तिला आईनंच शिकवलं होतं. आता सासरच्या काठावर कप्तानाची बायको म्हणून तिला मानानं बसवत. ती काटे अंगाशी घट्ट दाबून बसायची. तरस आत शिरला की तिच्या पाठीत कळ यायची, इतकी खुळखुळ तिथे साठायची. मग तरस हसायचा, वेळूवन हरायचं, करंजबनात ढोल वाजायचे, आणि हौसा स्वयंपाकघरात जाऊन विळीवर बसायची.

"डोळे का लाल गं?" गेनू विचारायचा.

"कांदा चिरत होते."

सासूबाईही तेव्हा तिथेच, तिच्याकडे पाठ करून, दुसऱ्या विळीवर कांदाच चिरत असायच्या. सासूबाईंचं माहेर कुठलं, ते तुमच्या लक्षात आलं असेल. नसेल आलं तर हातावर चित्र काढून बघा. विजयाच्या पंगतीला करंजबनात गोडाधोडापेक्षा कांद्याची भजीच जास्त असायची. पुरुषांना वाटायचं, ती इथली पद्धत आहे.

हौसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. एकदा, फक्त एकदा, माहेरच्या काठावर आईशेजारी बसून मोकळेपणानं खुळखुळ वाजवायची.

एका वर्षी फारच दारुण हार झाली. तरस रेघेपर्यंतही न जाता हसला. तात्या कोल्ह्यांनी मंडळाची बैठक बोलावली.

"आपण का हरतो?" तात्यांनी विचारलं.

सगळ्यांनी तरसाकडे पाहिलं आणि मग सगळे झाडाकडे पाहू लागले.

"बरोबर," तात्या म्हणाले. "आपल्याला निष्ठावंत चाहते नाहीत, म्हणून."

ते खोटंही नव्हतं म्हणा. वेळूवनाचे चाहते सामन्याला येत, चिंचा खात, आणि तरस हसला की 'आम्ही आधीच सांगितलं होतं' असं म्हणत घरी जात. तेव्हा खरा निष्ठावंत कुठे राहतो, हे शोधायचं ठरलं. काम दिलं घुबडशास्त्र्यांना. घुबडशास्त्री फार विद्वान, कारण ते दिवसा कुणाला दिसत नसत.

शास्त्र्यांनी पद्धत काढली. खरा चाहता हरल्यावर रडतो. म्हणून पुढच्या हारीनंतर घरोघरी पळसाचे द्रोण वाटायचे, रडणाऱ्यानं त्यात रडायचं, आणि ज्या वस्तीतले द्रोण भरतील ती वस्ती निष्ठावंत. हार कधी व्हायची, याची काळजी कुणालाच नव्हती.

ती वेळेवर झाली. वेळूवनातले द्रोण कोरडेच परत आले. एकात चिंचोके होते. पण शास्त्री उगाच विद्वान नव्हते. तुलनेसाठी म्हणून त्यांनी काही द्रोण पलीकडेही पाठवले होते. ते काठोकाठ भरून आले.

शास्त्र्यांनी बैठकीत अहवाल दिला. "वेळूवनाचे सर्वांत निष्ठावंत चाहते करंजबनात राहतात."

"गद्दार आहेत का ते?" तात्यांनी विचारलं.

"नाही हो. आपल्याच लेकी आहेत. सगळ्यांत जड द्रोण हौसा सायाळीचा."

"मग आपल्या काठावर बसतात, टाळ्या वाजवतात, त्या बायका कोण?"

"त्या करंजबनाच्या लेकी. तात्या, त्या टाळ्या कधी वाजवतात, हे एकदा नीट बघा."

तात्यांना घरची मंडळी आठवली. दर हारीनंतर कोल्हीणबाई तुपात थबथबलेला शिरा करायच्या, वर केशर घालायच्या. 'दुःखात नवऱ्याला किती जपते' म्हणून तात्या गहिवरून दोनदा वाढून घ्यायचे. त्या दिवशी बैठक जरा लवकर संपली.

इथे तुमच्यासारख्या कुणी लहान मुलानं सांगितलं असतं, लेकींना बोलवा आणि आपल्या काठावर बसवा. पण मंडळात लहान मुलं नव्हती. तात्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी निष्कर्ष काढला. इथून जो गेला तो निष्ठावंत झाला, इथे जो राहिला तो चिंचा खात बसला. म्हणजे निष्ठा कशानं वाढते? लांब गेल्यानं.

म्हणून मंडळानं दोन ठराव केले. पहिला असा, की हौसा सायाळीला 'वेळूवन निष्ठाभूषण' हा किताब द्यावा. दुसरा असा, की तिनं वेळूवनात पाऊल ठेवू नये. आली, तर तिची निष्ठा उतरेल.

सत्कार ओढ्याकाठी झाला. हौसा त्या काठाला, मंडळ ह्या काठाला. शाल आणि नारळ पलीकडे फेकण्यात आले. नारळ हौसानं चुकवला. शाल काट्यांवर पडली आणि तिच्या चिंध्या झाल्या.

"दोन शब्द बोला," तात्या ओरडले.

"मला तिकडे येऊन आईजवळ बसायचंय," हौसा म्हणाली.

"बघा, किती ही ओढ," तात्या मंडळाकडे वळून म्हणाले. "म्हणूनच येऊ द्यायचं नाही."

झालं. तेलही गेलं, तूपही गेलं. माहेरचा काठ बंद झाला, आणि सासरी सगळ्यांना सगळं कळलं. शेजारणी तिला बघून कुजबुजू लागल्या. गेनू संध्याकाळी घरी आला आणि कोपऱ्यात बसला.

"म्हणजे इतकी वर्षं मी जिंकून यायचो, तेव्हा तू..."

"कांदा चिरत होते," हौसा म्हणाली.

त्या दिवसापासून गेनूनं अबोला धरला. जेवलीस का, हेही विचारेना. तो रागावला असता तर तिला चाललं असतं. पण गप्प बसलेलं साळिंदर घरात फार जागा अडवतं. तिला जेवण जाईना.

इकडे तात्यांचा उत्साह वाढला. एका हौसानं इतका द्रोण भरतो, तर अख्खं वनच पलीकडे पाठवलं तर? फर्मान निघालं. सामना होईपर्यंत वेळूवनातल्या सर्वांनी निष्ठावाढीसाठी करंजबनात मुक्काम करावा. बायका तर फर्मान पुरतं वाचायच्या आधीच निघाल्या. कधी नव्हे ते नवऱ्यांनी आपण होऊन माहेरी पोचवलं होतं. नवरेही खूश. सासुरवाडीला जावई म्हणून पाय पसरून बसायचं आणि वाढतील ते खायचं, यापेक्षा सोपी निष्ठा कोणती?

"आणि संघ?" बगळ्यानं विचारलं.

"संघातच निष्ठा नसली तर कसं चालेल? संघही पाठवा."

"मग खेळणार कोण?"

"त्यासाठी उपसमिती नेमू," तात्या म्हणाले. मग उपसमितीही सासुरवाडीला गेली.

सामन्याचा दिवस उजाडला. करंजबनाच्या काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. वेळूवनाच्या काठावर चिटपाखरू नव्हतं. करंजबनाचा संघ रेघेपाशी उभा होता. समोर नुसती वाळू.

"वेळूवनाचा गडी?" बगळ्यानं पुकारा केला.

तरस जावयांच्या रांगेत श्रीखंड खात होता. त्यानं निष्ठेनं टाळ्या वाजवल्या.

बगळ्यानं पुन्हा पुकारलं. आणि हौसाला उमगलं, की पलीकडे तिला अडवायला आता कुणीच उरलेलं नाही. ती उठली. सगळ्यांच्या देखत वाळू तुडवत रेघ ओलांडून गेली आणि वेळूवनाच्या अंगणात उभी राहिली. एकटीच. मग तिनं काटे फुलवले आणि इतक्या वर्षांची साठलेली खुळखुळ एकदम सोडली.

तोच समोरून, करंजबनाच्या काठावरून, दुसरी खुळखुळ आली. अगदी तीच लय, तसाच शेवटी झटका. हौसानं मान वर केली. आई. सगुणा सायाळ जन्मानं करंजबनाची होती. ती फर्मानानं माहेरी आली होती, आणि लग्नानंतर पहिल्यांदा आपल्या माहेरासाठी मोकळेपणानं वाजवत होती. आपण ज्या वनासाठी वाजवायला शिकलो, त्याच्यासाठी आईनं एकदाही मनापासून वाजवलं नव्हतं, हे हौसाला तेव्हा कळलं. तिला राग येईना. दर हारीनंतर आपल्या घरीही शिरा का व्हायचा, एवढंच तिला आता समजलं होतं.

करंजबनानं पहिला गडी म्हणून कप्तानालाच पाठवलं. गेनू दम घेऊन आत शिरला. 'हुतूतू हुतूतू हुतूतू.' तो जवळ आला. हौसा हलली नाही. तिचे पाय तापलेल्या वाळूत भाजत होते आणि पोट पार खपाटीला गेलं होतं. गेनूनं ते पाहिलं. तिला शिवायला त्यानं पंजा पुढे केला. 'हुतूतू हुतू... हौसे, जेवलीस का?'

"बाद," बगळा म्हणाला.

करंजबनाचे बाकीचे गडी आत जायलाच तयार होईनात. तिला हात लावणार कोण? एक तर काटे, त्यात वहिनी. बगळ्यानं सावली सरकेपर्यंत वाट पाहिली, पाय बदलला आणि वेळूवन जिंकल्याचं जाहीर केलं.

वेळूवनाला जिंकायची सवय नव्हती. त्यामुळे जावयांना काय करावं ते कळेना. शेवटी त्यांनी आणखी श्रीखंड मागितलं. तात्या मात्र दगडावर चढले. "पाहिलंत? एकही वेळूवनकर तिथे नव्हता, म्हणून आपण जिंकलो. पुढच्या वर्षीही कुणी फिरकायचं नाही." मग त्यांनी हौसाचा किताब रद्द केला, कारण तिनं वेळूवनात पाऊल ठेवलं होतं. शाल परत मागितली. चिंध्या मोजून घेतल्या.

हौसा तोवर आईच्या बिळापाशी गेली होती. माहेर आलं होतं, पण दाराला कुणी नव्हतं. चूल थंड होती. ती थोडा वेळ उंबऱ्यावर बसली आणि परत ओढा ओलांडून सासरी आली.

लेकीला भेटायला आलेली आई स्वयंपाकघरात विळीवर बसली होती. डोळे लाल.

"रडतेस का गं आई?"

"नाही गं. कांदा चिरत होते."

विळीचं पातं कोरडं होतं. हौसानं टोपलीतून एक कांदा घेतला आणि आईला खेटून बसली. सासूबाई जिंकलेल्या बाजूच्या, तरी त्याही सवयीनं येऊन बसल्या.

थोड्या वेळानं गेनू आला. हरलेला कप्तान. दारात घुटमळला, मग आत येऊन बसला आणि म्हणाला, "मलाही एक द्या."

तात्पर्य: आपल्या गावावर जिवापाड प्रेम करणारे हवे असतील, तर त्यांना आधी गावाबाहेर घालवावे. ते प्रेमानं परत आलेच, तर शिस्तभंगाची कारवाई करावी. आणि घरात कांदा नेहमी भरलेला असावा.