कवळीवर आवाज मोजणारे अप्पा

आवाज किती झाला हे मोजायला सरकारकडे मीटर आहे. आमच्या गल्लीत अप्पांची कवळी आहे. डीजेची गाडी कोपऱ्यावर आली की अप्पांच्या तोंडात ती थरथरायला लागते. मग ते ती काढून तळहातावर घेतात, दारात उभे राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पुरावा म्हणून दाखवतात. "पाहून घे. हद्द पार झाली. कायदा आहे भाऊ, मेहेरबानी नाही!" बिनदातांनी म्हटलेला कायदा फारसा कुणाला कळत नाही, पण माणसं घाबरून बाजूला होतात.

मी समोरच राहते, त्यामुळे हा पुरावा मी जेवणाच्या वेळीही पाहिलेला आहे.

गंमत अशी की अप्पा जवळजवळ ठार बहिरे आहेत. अख्खी उमर लूमच्या खडखडाटात, बिघडलेले साचे, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करण्यात गेली आणि कान तिथेच राहिले. मुलीनं कानाचं यंत्र पाठवलंय, ते कपाटात आहे. "त्याच्यात फक्त डीजेच ऐकू येतो," अशी त्यांची तक्रार. शिवाय स्वतःचा आवाज असा, की अप्पा कुणाच्या कानात गुपित सांगू लागले तर आमचा सगळा लालबाग मोहल्ला जमा होतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी प्रसूतिगृह आहे, आणि दवाखान्याभोवती शंभर मीटर शांतता पाळायची असा सरकारी नियम आहे. हा नियम अप्पांना देवाच्या आरतीसारखा पाठ. प्रसूतिगृहाच्या भिंतीवर 'शांत क्षेत्र' असं लिहिलेली पाटी दरवर्षी पावसाळ्यानंतर तेच रंगवतात. पोलीस ठाण्यात तर त्यांची खुर्ची ठरलेली. एकदा ठाणेदार हसत म्हणाले, "अप्पा, पहला केस तो आप पर ही बनेगा. इतना जोर से बोलते हो!" अप्पांना काही ऐकू आलं नाही. त्यांनी हात जोडून आभार मानले.

"ज्याला ढोल ऐकू येत नाही त्याला त्याचा त्रास कसा?" असं लोक विचारत. मीही विचारत असे. रिकामटेकडेपणाचा उद्योग, दुसरं काय!

मग अप्पांच्या बायकोला, आमच्या माईंना, हृदयविकाराचा झटका आला. दवाखान्यातून घरी आल्या त्या खाटेलाच खिळल्या. बोलणं अगदी बारीक झालं. आणि तेवढ्यात केळीच्या एका व्यापाऱ्याच्या मुलाचं लग्न निघालं. वरात आमच्याच गल्लीतून जाणार आणि पुढे रफिकचा भिंतीएवढ्या स्पीकरचा डीजे. अप्पांनी ओट्यावर उभं राहून जाहीर केलं, "या गल्लीत तो वाजणार नाही!"

माईंच्या काळजाला हादरा बसेल म्हणून आता आम्हीही धास्तावलो. सगळे मिळून ठाण्यात गेलो. "शादी-ब्याह है, एक दिन चला लो," ठाणेदार म्हणाले. या खेपेला अप्पांनी त्यांच्या ओठांवरून बरोबर ओळखलं. म्हणाले, "साहेब, तिकडं प्रसूतिगृहात आज जन्मलेलं लेकरू आहे. त्याला सांगून पाहा, एक दिन चला ले."  मीटर घेऊन एक हवालदार पाठवतो, असं ठाणेदार म्हणाले.

वरात आली. भांडी फळीवरून उतरायला लागली. हवालदारानं मीटर वर धरला, मग नियम सांगायला तोंड उघडलं, पण त्याचं त्यालाही ऐकू जाईना. शिट्टी फुंकली तर नाचणाऱ्यांना वाटलं, तीही गाण्यातलीच. नवऱ्याचा बाप नोटा ओवाळत होता. मी माईंच्या खिडकीकडे पाहिलं.

तेवढ्यात अप्पा गर्दीत घुसले आणि गाडीपुढे उभे राहिले. रफिकला दिसतील असे त्यांनी दोन्ही हात वर केले, दोन तर्जन्या एकमेकींना टेकवल्या आणि झटक्यात दूर केल्या.

लूमच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. या खुणेचा अर्थ: धागा तुटला, साचा थांबव. रफिक डीजेवाला झाला तो अलीकडे. त्याआधी लूमवर तो अप्पांच्याच हाताखाली शिकलेला. डोक्यानं विचार करायच्या आत त्याच्या हातानं खटका पाडला. सगळं बंद! आणि पठ्ठ्या मान वाकवून स्पीकरच्या तारांमध्ये तुटलेला धागा शोधायला लागला. वरातीत नाचणारे आणखी काही लूमवालेही जागच्या जागी थांबून खाली बघत होते.

त्या शांततेत हवालदारानं नियम सांगितला, तोही पहिल्याच आवेशात, किंचाळून. रफिक कान पकडून म्हणाला, "उस्ताद, हाथ अपने आप चला गया!" नवऱ्याचा बाप तणतणू लागला, तशी घोड्यामागून नवऱ्याची आत्या ओरडली, "ए दादा, चूप बस ना! माझं डोकं फुटू राहिलं होतं!" मग बायकांनी लग्नाची गाणी म्हटली आणि वरात गल्लीतून चालत गेली. प्रसूतिगृहाच्या खिडकीतून एक बाळंतीण लेकराला वरात दाखवत होती. आम्ही अप्पांना झेंडूचा हार घातला. दुसऱ्या टोकाच्या पोरांनी तर "अप्पा जिंदाबाद" म्हणत त्यांना उचललंच. त्यानंतर आजतागायत आमच्या गल्लीत डीजे वाजलेला नाही. गाडीवाले कोपऱ्यावरच बंद करतात आणि अप्पांना सलाम ठोकून पुढे जातात.

त्या दिवशी वरात गेल्यावर आम्ही सगळे त्यांच्याच ओट्यावर चहा पीत बसलो. त्यांना ओठ वाचता यावेत म्हणून मी सावकाश म्हटलं, "जिंकलात अप्पा. माईंचं काळीज वाचवलंत."

अप्पा चक्क हळू बोलले. एवढं हळू बोलता येतं त्यांना, हे मला ठाऊकच नव्हतं.

"काळजाचं डॉक्टर पाहून घेतील, पोरी. पण ही हाक मारते ना, ती मला कुठं ऐकू येते? तुला येते, वरच्या वहिनीला येते. तुम्ही पळत येऊन मला सांगता. तुमच्याच कानांवर चालू राहिलं आमचं. डीजे लागला की तुम्ही पण माझ्यासारखेच बहिरे. मग हिनं हाक मारावी कुणाला?"

 कितीदा मी हातातलं काम टाकून त्यांना सांगायला धावले होते, आणि तरी हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

आतून बारीक आवाज आला, "अहो..."

ओट्यावरच्या आम्हा सगळ्यांच्या माना एकदम दाराकडे वळल्या. अप्पांनी आमचे चेहरे पाहिले, कप खाली ठेवला आणि "आलो गं" म्हणत ते आत गेले.