सायकलची खोड

कानिफनाथ आवारींनी आयुष्यात एकदाही चुकीचं जनावर दावणीला बांधलं नाही, हे साऱ्या अकोले तालुक्याला माहीत होतं. ज्याला माहीत नव्हतं, त्याला कानिफनाथ स्वतः सांगत! राजूरच्या बाजारात लांबून येणाऱ्या डांगी बैलाची चाल बघून ते सांगायचे, "मागचा डावा पाय चोरतोय." आणि खरोखरच चोरत असायचा. पण आता गावात ट्रॅक्टर पाच झाले होते आणि बैल पारखायला त्यांना बोलावणारं कुणी उरलं नव्हतं. नजर मात्र होती तशीच तयार, नुसती बसून होती.

अशात त्यांच्या धाकट्या लेकीने, ज्ञानेश्वरीने, सायकल मागितली. साधीसुधी नव्हे. दगडधोंड्यातून उतारावर पळवायची, पुढून आणि मागून दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली! पंधरा दिवसांनी भंडारदऱ्याच्या बाजूला स्पर्धा होती. पहिल्या तिघांना राज्याच्या संघात घेणार होते. गेल्या वर्षी मैत्रिणीच्या सायकलवर ती चौथी आली होती, आणि त्या सायकलला मागे सस्पेन्शन नव्हतं.

"एक लाख दहा हजार," कानिफनाथांनी सांगून टाकलं. "वर एक रुपया न्हाई. आन् निवडायला मी येनार."

"आप्पा, तुम्हाला सायकलमधलं काय कळतं?"

"चार पायाचं असू दे न्हाईतर दोन चाकाचं, नजर तीच लागती!"

आणि खोटं कशाला बोला, कानिफनाथ तयारीला लागले. आठ दिवस गोठ्यात धार काढता काढता त्यांनी मोबाईलवर सायकलींचे व्हिडिओ बघितले. गोरे लोक डोंगरावरून उड्या मारत होते आणि सायकल मधोमध वाकून पुन्हा सरळ होत होती. कानिफनाथांना झोप येईना.

"भागीरथे, सायकलीला कंबर असती, म्हाईत हाय का तुला?"

"मला हाय ती दुखती, तेवढं म्हाईत हाय," बायको म्हणाली.

संगमनेरला समर्थचं सायकलचं दुकान होतं. समर्थ तिशीतला, स्वतः सायकल चालवणारा, गोड बोलणारा पोरगा. त्याने दोन सायकली पुढे आणल्या. एक नारंगी. जाडजूड टायर, सीटखाली मनगटाएवढी स्प्रिंग, किंमत पंचेचाळीस हजार. दुसरी राखाडी. दिसायला किडकिडीत, स्प्रिंगच नाही, नुसती एक नळी. किंमत एक लाख सोळा.

कानिफनाथांनी दोन्हींना तीन तीन फेऱ्या घातल्या. पाठीवर थाप मारली. वाकून पोटाखाली बघितलं. मग समर्थचं डोकं खायला सुरुवात केली. चेन केवढ्याची? दात किती? ब्रेकमध्ये तेल कशाला? नळीत काय आहे?

"हवा आहे काका. बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे भरायची."

"नुसती हवा? आन् तिला सत्तर हजार जादा?"

"नारंगी वीस किलोची आहे. ही साडेचौदा. नारंगीची स्प्रिंग पायडल मारलं की नाचत बसते, ताकद खाते. चढाला जीव जातो."

कानिफनाथांनी नारंगी उचलून बघितली आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून पटकन खाली ठेवली.

समर्थने ज्ञानेश्वरीला वजन विचारलं. ती हळूच म्हणाली, "चोपन्न." त्या हिशोबाने त्याने एका छोट्या पंपाने नळीत हवा भरली आणि तिला राखाडीवर बसवलं. ती बसली, तशी सायकल तिच्याखाली सावकाश खाली गेली.

कानिफनाथ दोन पावलं मागे सरले. "बसली!"

"बसायलाच पाहिजे काका. चौथा हिस्सा बसते. म्हणजे खड्डा आला की चाकाला खाली जायला जागा मिळते. याला सॅग म्हणतात."

"आमच्यात याला खोड म्हनत्यात," कानिफनाथ गंभीरपणे म्हणाले.

आता त्यांची बाजूही समजून घ्या. मानेवर जू पडताच खाली बसणारा बैल म्हणजे बाजारातलं सगळ्यात वाईट जनावर. दिसायला देखणा, पण नांगराला लावला की मांडी घालून बसतो. असे बैल गोड बोलूनच गळ्यात मारतात. आणि हा समर्थ तर किती गोड बोलत होता!

"नारंगी घे," कानिफनाथ म्हणाले. "जागची हालत न्हाई बघ. खानदानी हाय."

"आप्पा, मला राखाडीच पाहिजे."

बापलेकीचं दुकानात असं काही जुंपलं, की पंक्चर काढायला आलेली दोन माणसं पंक्चर विसरून उभी राहिली. शेवटी कानिफनाथांनी बाजाराची रीत काढली. जनावर आधी जुंपून बघायचं. विसार ठेवतो, तीन दिवस सायकल द्या. नाही पटली तर परत. समर्थ आधी नाही म्हणाला, पण लेकीचं तोंड बघून हो म्हणाला.

राखाडी जीपच्या टपावर बसून गावात आली. ज्ञानेश्वरी अंघोळीला गेली आणि कानिफनाथ ओट्यावर सायकलसमोर उकिडवे बसले. नळीवर एक काळी रबरी कडी होती. सायकल किती बसली ते ती कडी दाखवते, असं समर्थ म्हणाला होता. त्यांनी काडेपेटीतल्या काडीने मापलं. चौथा हिस्सा कुठला, चांगली तिसऱ्या हिश्शाच्या वर घसरली होती! म्हणजे पोरगा खोटं बोलला तर! पण लेकीचा जीव तर हिच्यावरच जडलेला. मग कानिफनाथांच्या मनात आलं, खोड असली म्हणून काय झालं? खोड मोडता येते. उमेदीत त्यांनी भल्याभल्यांच्या मोडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे, लेक उठायच्या आत, ते सायकल ढकलत राजूरला हनुमंतच्या टायरच्या दुकानात पोचले. हनुमंत ट्रॅक्टरच्या चाकात हवा भरत होता.

"हितं भर," कानिफनाथांनी नळीकडे बोट केलं.

"किती भरू आप्पा?"

"बसली न्हाई पायजे. बास!"

"टेम्पोला भरतो त्याच्यावर देऊ का थोडी?"

"दे!"

फुस्सकन हवा आत गेली. कानिफनाथांनी दोन्ही हातांनी सीट दाबली. ढिम्म! जागची हलेना. त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी हनुमंतला चहा पाजला.

सकाळी ज्ञानेश्वरी गावामागच्या उताराला लागली. खाली भाताची खाचरं कापून झाली होती आणि बांधाला पेंढ्याची गंज रचलेली. कानिफनाथ कौतुकाने बघत उभे होते. पहिल्या दगडावर मागचं चाक आदळलं आणि सीटने ज्ञानेश्वरीला असं काही उडवलं, की ती थेट गंजीत! सायकल एकटीच पुढे जाऊन बांधावर आडवी झाली.

"लागलं का गं?" कानिफनाथ धावले.

"आप्पा, काल दुकानात केवढी मऊ होती! आज लाथ मारतेय!"

कानिफनाथांनी सायकल उभी केली. पण पारखी माणूस असा हात टेकत नाही. त्यांनी विचार केला आणि चूक लगेच सापडली. मागचं बसत नाही, पुढचं अजून बसतंय. म्हणजे जोडी जुळलेली नाही! एक बैल ओढतोय, दुसरा रमतोय, मग गाडी उलटणार नाही तर काय! ज्ञानेश्वरी जेवायला बसली तशी ते पुन्हा राजूरला. हनुमंतने पुढच्या चाकाला धरणाऱ्या दांड्यात, फोर्कमध्येही तेवढीच ठासून हवा भरली. या खेपेला त्याने चहा मागून घेतला.

दुपारी सायकल नुसती फळी झाली होती. ज्ञानेश्वरी तीनदा पडली. तिसऱ्यांदा उठली तेव्हा हाताचं कोपर सोलवटलं होतं, आणि ती रडत नव्हती हेच कानिफनाथांना जास्त लागलं.

"तुमचंच बरोबर होतं आप्पा," ती म्हणाली. "ही नको. नारंगी घेऊ."

झालं! कानिफनाथ जिंकले! संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की पोरीला कळलं नाही, पण आप्पांनी सायकलसुद्धा ओळखली. चावडीवर लोकांनी त्यांना मधे बसवलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी विचारलं, "आप्पा, तुमी कसं वळखलं वो?"

 कानिफनाथांना नारंगी उचलताना पाठीतून निघालेली कळ आठवत होती. वीस किलो! ती घेऊन ही पोरगी चढ चढणार आणि पाचवी येणार, नाहीतर सहावी. बैलाच्या बाबतीत त्यांनी कधी कुणाला फसवलं नव्हतं. आता स्वतःच्या लेकीला फसवत होते, आणि लोक वर चहा पाजत होते. त्यांनी कप तसाच खाली ठेवला.

तिसऱ्या दिवशी समर्थच्या दुकानात राखाडी परत उभी राहिली. समर्थ नारंगी बाहेर काढायला वळला. ज्ञानेश्वरी भिंतीवरच्या हेल्मेटांकडे बघत होती, म्हणजे खरं तर कशाकडेच बघत नव्हती.

"थांब," कानिफनाथ म्हणाले. "त्यो बारका पंप लाव हिला."

समर्थने पंप लावला. काट्याकडे बघून त्याचे डोळे विस्फारले. "अहो! ही हवा कुणी भरली? गाढवाने भरली का माणसाने?"



"मी भरली," कानिफनाथ म्हणाले. "हनुमंतकडनं. दोनदा. पुढंबी आन् मागंबी."

ज्ञानेश्वरी त्यांच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे सायकल नाही, तुम्ही मला पाडत होता?"

"चुकलो गं," कानिफनाथ म्हणाले. लेकीपुढे हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारला होता. आजूबाजूला गिऱ्हाइकं होती, तरी उच्चारला. "तुझी निवड बरोबर हुती. माझी नजर चुकली."

तिने त्यांच्या खांद्यावरचा पेंढ्याचा तुकडा काढून टाकला.

समर्थने सगळी हवा सोडली आणि पुन्हा मोजून चोपन्न किलोची भरली. ज्ञानेश्वरी बसली. सायकल खाली गेली. गेली ती जरा जास्तच गेली. समर्थने कडीकडे बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"असं कसं? चौथ्या हिश्शाला थांबायला पाहिजे. बहुतेक हा शॉक, म्हणजे ही नळी, गळतेय. ही सायकल कंपनीला परत पाठवावी लागेल. दुसरी यायला महिना जाईल."

महिना! ज्ञानेश्वरीचा चेहरा पांढरा पडला. कानिफनाथ उकिडवे बसले. कडी बघितली. नळीला कान लावला. हवा कुठेच सुटत नव्हती. मग त्यांनी मान वर करून लेकीला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं. गेली चाळीस वर्षं बाजारात न्याहाळत आले, तसंच!

"आप्पा, नको," ज्ञानेश्वरी घाईघाईने म्हणाली. "आप्पा, प्लीज!"

पण आता कोण थांबतंय!

"सायकल गळत न्हाई," कानिफनाथ साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले. "पोरीनं वजन खोटं सांगितलंय. एकसष्ट किलो! पाचशे ग्रॅम हिकडं न्हाईतर तिकडं."

समर्थने कोपऱ्यातला वजनकाटा पुढे ओढला. ज्ञानेश्वरी चढेना. मग सायकल हवी की नको, असा प्रश्न आला, तेव्हा चढली. एकसष्ट किलो दोनशे! आज पंक्चर काढायला आलेल्या एका माणसाने टाळ्या वाजवल्या. समर्थने एकसष्ट किलोची हवा भरली आणि राखाडी बरोबर चौथ्या हिश्शाला थांबली. एक लाख दहाला सौदा पटला.

ज्ञानेश्वरी मात्र जीपमध्ये आप्पांशेजारी बसायला तयार होईना. संगमनेरहून गावाकडे ती सायकलवरूनच निघाली, मागे वळून न बघता. कानिफनाथ जीपमध्ये सायकलची पावती हातात घेऊन बसले. एवढ्यात भागीरथीचा फोन आला.

"घेतली का वो सायकल?"

"घेतली. राखाडी. लई गुणाची हाय."

"मग आवाज का असा येतोय?"

"ज्ञाना बोलंना माझ्यासंगं. तिचं वजन सांगितलं मी दुकानात."



"समद्यांच्या म्होरं?"

"व्हय. पर भागीरथे, दोनशे ग्रॅमचाच फरक निघाला!" कानिफनाथांना राहवलं नाही. "आता तुझंच घे की. तू म्हंजे..."

फोन कट झाला.