उगम ठरेपर्यंत गाणे स्थगित

सभागृहाच्या व्यवस्थापकांनी आमच्या बँडला शनिवारची संध्याकाळ दिली आणि एकच साधी अट घातली: वाजणाऱ्या संगीताचा उगम निश्चित असला पाहिजे. बेवारस संगीताला मंच मिळणार नाही.

मी ड्रम बडवतो. आमचा गायक घुबड. हे नाव त्याच्या आईनेच ठेवलेलं. दोन वर्षं नाक मुरडून झाल्यावर माउली कानात कापूस घालून का होईना, पोराचं गाणं पहिल्यांदाच ऐकायला येणार होती. घुबडाचे पाय जमिनीवर नव्हते.

"ब्लॅक मेटल. तोंड पांढरं रंगवून किंचाळत गायचं संगीत," तो व्यवस्थापकांना म्हणाला. "नाव इंग्लंडच्या बँडने दिलं."

"मग उगम इंग्लंड?"

"छे! घडवलं नॉर्वेच्या पोरांनी," आमचा गिटारवाला उसळला.

"आणि त्याआधी स्वीडनवाले काय झोपा काढत होते?" हे मी बोललो. माझी जीभ झडो!

व्यवस्थापकांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे उगम वादग्रस्त. समिती नेमावी लागेल."

समितीत तीन तज्ज्ञ. एक इंग्लंडपक्षी, दुसरे नॉर्वेपक्षी. तिसऱ्यांच्या मते तोंडाला पांढरा रंग फासणं हाच खरा उगम, सबब प्रकरण रंगरंगोटी विभागाकडे वर्ग करावं. 'रंग आमचा, किंकाळी आमची नव्हे,' असा शेरा मारून त्या विभागाने ते घशाच्या डॉक्टरांकडे ढकललं. डॉक्टरांनी घुबडाला 'आ' करायला लावलं, आत बॅटरी मारली, उगम आढळला नाही असं कळवलं आणि गुळण्या करायला सांगितल्या.

शेवटी जाहीर चर्चा ठरली. जागा, तेच सभागृह. दिवस, शनिवार. तेवढीच संध्याकाळ मोकळी होती, कारण आमचा कार्यक्रम स्थगित झाला होता.

सभागृह खच्चून भरलं. तज्ज्ञ एकमेकांवर असे किंचाळले की माइक शिट्ट्या मारू लागला. एकाने टेबल बडवलं. तिसरे तर पुरावा तोंडाला फासूनच आले होते. पहिल्या रांगेत बसलेल्या घुबडाच्या आईने हळूच कानातला कापूस काढला.

"अरे, बरं गातात की हे! मी उगाच घाबरत होते. तू कधी गाणार?"

"आई, आज गाणं नाहीच आहे गं," घुबड म्हणालं आणि रडायलाच लागलं.

माझं डोकं फिरलं. मी उभा राहून ओरडलो, "इथे कोणी यातलं एक तरी गाणं ऐकलंय का?"

"विषयाला धरून बोला!" सगळं सभागृह गरजलं आणि मला दंडाला धरून बाहेर काढण्यात आलं.

तुम्ही कशाला हसताय? इंग्लंड की नॉर्वे, हे तुम्हीही एव्हाना मनात ठरवून टाकलंय. गाणं ऐकलंय का एखादं?